‘मृत्युंजय’ : निवेदक आणि वाचकाची करुणा

शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ (१९६७) ही कादंबरी वाचताना दाटून येणारा कळवळा कर्णाच्या दुर्दैवाचाच परिणाम होय, असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः त्याचे मूळ निवेदनरचनेतही तितकेच आहे. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण व श्रीकृष्ण अशा सहा मुखांनी येथे कथा सांगितली जाते. परंतु पाच पांडवांपैकी एकासही निवेदकाचे स्थान नाही. परिणामी दुरावलेल्या भावंडांचे दुःख वाचकास एकाच बाजूने भोगावे लागते.

खालिद होसैनी यांच्या २०१३ मधील कादंबरीत अब्दुल्ला व परी या अफगाण भावंडांची ताटातूट अशीच अनेकमुखी आहे. तेथे बहीण भावापर्यंत पोहोचते तेव्हा त्याची स्मृती लोपलेली असते. हानी उभयतांची असल्याने वाचकाची सहानुभूतीही दोहोंकडे वाटली जाते.

कर्ण हा आपला ज्येष्ठ बंधू होता, हे महाभारतात युधिष्ठिरास युद्धानंतर कळते आणि तो शोकाकुल होतो. त्या शोकाच्या अंतरंगात ‘मृत्युंजय’चा वाचक शिरू शकत नाही. कादंबरी अश्रू आणते, हे निर्विवाद. ते अश्रू न्यायबुद्धीचे की पक्षपाताचे, हा प्रश्न मात्र समीक्षेने टाळता कामा नये.