पाठसंपादनातील श्रमविभाग : यंत्राचा वाटा आणि संपादकाचा वाटा

जुन्या ग्रंथाचे किंवा कागदपत्रांचे संपादन हे सर्वस्वी एकट्याचे काम क्वचितच असते. हस्तलिखिते मिळवणारा, त्यांची नक्कल करणारा, पाठभेद टिपणारा, मुद्रिते तपासणारा अशा अनेकांचे श्रम एका संपादकाच्या नावाखाली एकत्र येतात. कोणते काम स्वतः करावे आणि कोणते दुसऱ्यावर सोपवावे, हा प्रश्न म्हणून संपादनाइतकाच जुना आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी सर्वांना खुले झाल्यापासून मात्र या प्रश्नाचे स्वरूप पालटले. आता हा 'दुसरा' माणूसच असेल असे नाही. लिप्यंतर, तुलना, शब्दसूची, टीपा, किंबहुना प्रस्तावनेचा मसुदासुद्धा कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करवून घेता येतो. अशा वेळी श्रमविभागाचे तत्त्व कोणते असावे, याचा विचार पाठसंपादनाच्या क्षेत्रापुरता करणे अगत्याचे आहे.

या संबंधात एक सूत्र वारंवार पुढे केले जाते. जे कंटाळवाणे व यांत्रिक ते यंत्राला द्यावे. जे बुद्धीचे व निर्णयाचे ते माणसाने आपल्याकडे ठेवावे. सूत्र सुटसुटीत आहे आणि कचेरीच्या पुष्कळ कामांना ते लागूही पडेल. परंतु पाठसंपादनाच्या प्रत्यक्ष व्यवहारात ते टिकत नाही. या शास्त्रात निर्णय हा यांत्रिक कामाच्या शेवटी येणारा वेगळा टप्पा नसून तो त्या कामाच्या पोटातच असतो.

मोडी कागदाचे उदाहरण घ्यावे. मोडीत शिरोरेघ आधी आखून तिच्याखाली अक्षरे सलग लिहिली जातात. शब्दाशब्दांत जागा सोडलेली नसते, विरामचिन्हे नसतात आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद सामान्यतः पाळलेला नसतो. 'कामनाही' ही अक्षरे 'काम नाही' अशी वाचायची की 'कामना ही' अशी, हे अक्षरांवरून ठरत नाही. मागचापुढचा मजकूर, लिहिणाऱ्याची रीत आणि पत्राचे प्रयोजन पाहून ते ठरवावे लागते. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' यांचीही तीच गत. म्हणजे ज्याला केवळ नक्कल म्हणायचे ते वस्तुतः पदोपदी केलेले अर्थनिर्णय असतात. नारायणराव पेशव्यांच्या 1773 मधील खुनाशी जोडलेली 'ध'चा 'मा' झाल्याची आख्यायिका इतिहास म्हणून स्वीकारण्याची गरज नाही. तथापि एका अक्षराने केवढा अनर्थ होऊ शकतो याची जाण मराठी भाषकांत किती खोल रुजली आहे, हे त्या वाक्प्रचारावरून कळते.

याच्या उलट बाजूचे उदाहरण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे आहे. 1919 मध्ये आरंभ होऊन 1966 मध्ये पूर्ण झालेल्या या कार्यात श्रमविभाग अत्यंत काटेकोर होता. चौकटी आखलेल्या तुलनापत्रकाच्या वरच्या ओळीत प्रत्येक श्लोक अक्षरशः मांडला जाई आणि त्याखाली एकेका हस्तलिखितातील भेद त्या त्या अक्षराच्या रकान्यात भरला जाई. हे काम खास तयार केलेले शास्त्री व पदवीधर करीत. विष्णु सीताराम सुखठणकर यांनी ते सर्व स्वतः केले नाही. त्यांनी स्वतःकडे ठेवले ते भरलेल्या पत्रकांवरून पाठ ठरवण्याचे काम. परंतु येथे एक गोष्ट दृष्टीआड होता कामा नये. पत्रक भरणाऱ्याला पाठ सुधारण्याची मुभा नव्हती. अशुद्ध दिसले तरी जसे आहे तसे उतरवणे हेच त्याचे कर्तव्य होते. काम सोपवता आले ते सोपे होते म्हणून नव्हे, तर त्याची मर्यादा निश्चित होती आणि कोणत्याही रकान्यातील नोंद मूळ पोथीशी ताडून पाहता येत होती म्हणून.

भाषेवर चालणारी कृत्रिम बुद्धिमत्ता नेमकी याच जागी वेगळी ठरते. तिची घडण अफाट मजकुराच्या अभ्यासातून होते आणि दिलेल्या संदर्भात कोणता शब्द अधिक संभवनीय, या अंदाजावर तिचे लेखन चालते. पाठचिकित्सेचा एक मान्य दंडक याच्या थेट विरुद्ध जातो. दोन पाठांपैकी एक सोपा व ओळखीचा आणि दुसरा अवघड पण सार्थ असेल, तर अवघड पाठ जुना असण्याचा संभव अधिक. कारण लेखनिक अनोळखी शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द घालतो, सहसा उलट करीत नाही. ज्या पाठावरून इतर पाठ कसे उद्भवले याचा उलगडा होतो तो स्वीकारावा, हे सुखठणकरांचे धोरणही याच अनुभवावर उभे आहे. संभवनीयतेच्या मागे जाणारे यंत्र म्हणजे पाठचिकित्सक ज्याच्यापासून सदैव सावध असतो तो लेखनिकच होय. फरक इतकाच की ते अधिक वेगवान, अधिक बहुश्रुत आणि न थकणारे आहे.

जुन्या मराठीत 'आहे' या अर्थी 'आथि' असे रूप आढळते. देवनागरी हस्ताक्षरात 'थ' आणि 'ध' यांची गल्लत सहज होते. अर्वाचीन मराठीवर पोसलेल्या वाचकाला, मग तो माणूस असो वा यंत्र, तेथे 'आधी' दिसण्याचा मोह होणारच. 'म्हणौनि'चे 'म्हणून' आणि 'कवण'चे 'कोण' होण्यास तर वेळ लागत नाही. अडाणी लेखनिकाची चूक बहुधा ओबडधोबड असते. ओवी अडखळते, अर्थ तुटतो आणि संपादकाचे लक्ष तेथे जाते. यंत्राची चूक मात्र गुळगुळीत असते. अर्थ लागतो, व्याकरण जुळते, आणि म्हणूनच चुकीचा मागमूस राहत नाही. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी, जसे पाहिले तसे लिहिले, दोष मला देऊ नये, अशा आशयाचे निवेदन करीत. यंत्राच्या लिप्यंतराला असे निवेदन प्रामाणिकपणे जोडता येत नाही. कारण जे पाहिले आणि जे अंदाजाने भरले त्यांच्यातील सीमारेषा त्याच्या लिखाणात उमटलेली नसते.

शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले. त्या प्रसंगी त्यांनी ज्ञानेश्वरीच्या पाठात कोणी आपली ओवी घालू नये असे बजावल्याचे परंपरा सांगते. हा इशारा अशुद्ध लिहिणाऱ्याला नाही. तो सुंदर लिहू शकणाऱ्याला आहे. प्रक्षेपाचे भय मूर्खापेक्षा कुशल माणसाकडूनच जास्त असते, ही जाणीव त्यामागे आहे. कुशल रचना क्षणार्धात करणारे साधन घरोघर आलेले असताना या इशाऱ्याची धार वाढली आहे.

यावरून यंत्राला संपादनात स्थान नाही असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे होईल. इटलीतील जेझुइट विद्वान रोबेर्तो बूसा यांनी 1949 मध्ये आयबीएम कंपनीचे साहाय्य मिळवून थॉमस अक्वायनस याच्या ग्रंथांची शब्दसूची यंत्राने करण्याचे कार्य हाती घेतले. एक कोटीहून अधिक शब्दांची ही सूची 1974 ते 1980 या काळात 56 खंडांत छापली गेली. त्यात यंत्राने केले ते वर्गीकरण, क्रमवारी आणि मोजणी. कोणते रूप कोणत्या मूळ शब्दाचे, हा निर्णय विद्वानांच्या देखरेखीखाली झाला. शब्दसूची, अकारविल्हे, दोन तयार लिप्यंतरांची अक्षरशः तुलना ही कामे आजही नियमाने चालणाऱ्या यंत्राकडे निःशंक सोपवावीत. त्याला दहा वेळा विचारले तरी उत्तर तेच येते आणि कोठेही बोट ठेवून ते तपासता येते. असे नियमबद्ध यंत्र आणि अंदाज बांधणारे यंत्र यांना एकाच नावाखाली घालणे हा सध्याच्या चर्चेतील मोठाच गोंधळ आहे.

अंदाज बांधणाऱ्या यंत्रालाही योग्य काम आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यांतून निवडलेले कागद 1930 ते 1934 या काळात 45 भागांत प्रसिद्ध केले; तरी ती निवडच होय. एका आयुष्यात जे वाचून होणार नाही ते यंत्राने ओबडधोबड का होईना वाचून, अमुक गावाचा किंवा अमुक दुष्काळाचा उल्लेख कोठे असावा हे सुचवले, तर तो मोठा उपकार आहे. कागद जीर्ण होत असताना हाताने वाचण्याचाच आग्रह धरणे म्हणजे त्यांपैकी कित्येकांना न वाचताच नष्ट होऊ देणे. मात्र येथे एक विवेक पाळावा लागेल. यंत्र जेव्हा 'आहे' म्हणते तेव्हा कागद काढून पाहता येतो. ते जेव्हा 'नाही' म्हणते तेव्हा पाहण्यासारखे काही हातात राहत नाही. म्हणून त्याच्या 'आहे'वरून शोध सुरू करावा, पण त्याच्या 'नाही'वरून सिद्धान्त मांडू नये.

टीपा आणि आधार यांच्याबाबत हीच कसोटी अधिक कठोरपणे लावली पाहिजे. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात वकिलांनी यंत्राने रचलेले, प्रत्यक्षात अस्तित्वातच नसलेले निवाडे आधार म्हणून सादर केले आणि न्यायालयाने त्यांना 5,000 डॉलरचा दंड केला. न्यायालयात निदान प्रतिपक्ष असतो, तो आधार शोधू लागतो. पोथीच्या तळटिपेला प्रतिपक्ष नसतो. तेथील खोटा आधार पिढ्यान्‌पिढ्या उद्धृत होत राहण्याची धास्ती आहे.

आतापर्यंतच्या विवेचनातून एक कसोटी हाती येते. काम कंटाळवाणे आहे की नाही हे पाहू नये. त्यातील चूक ते काम नव्याने करण्यापेक्षा कमी श्रमात सापडेल की नाही हे पाहावे. सापडत असेल तर ते सोपवावे. परंतु ही कसोटी एकटी पुरेशी नाही. चूक सापडण्यासाठी ती ओळखणारा कोणी असावा लागतो आणि तो आकाशातून पडत नाही. चौकटींची पत्रके वर्षानुवर्षे भरता भरताच माणसाला पोथीची लकब, लेखनिकाच्या खोडी आणि प्रदेशाप्रदेशांतील पाठपरंपरा कळू लागतात. विद्यार्थ्याला लावलेली नक्कल हा आचार्याच्या श्रमाची बचत करण्याचा उपाय होता हे खरे. पण तोच विद्यार्थ्याचा अभ्यासही होता. माणसावर सोपवलेल्या कामातून दोन गोष्टी निपजतात: झालेले काम आणि तयार झालेला माणूस. यंत्रावर सोपवलेल्या कामातून पहिली तेवढी निपजते.

या युक्तिवादाला एक रास्त आक्षेप घेता येईल. कष्ट झाले की विद्या येतेच असे नाही. कित्येकांनी जन्मभर नकला केल्या आणि ते नक्कलनवीसच राहिले. शिवाय माणूसही चुकतो, कधी हट्टाने चुकतो. हा आक्षेप मान्य केला पाहिजे. कष्ट हे स्वतः मूल्य नव्हे. पण त्यावरून निघते ते इतकेच की विद्यार्थ्याला द्यायचे कष्ट निवडून द्यावेत. शंभर कागदांची नक्कल अनावश्यक असेल. पहिल्या दहांची नाही. त्या दहांचे वाचन विद्यार्थ्याने यंत्राचे वाचन न पाहता करावे, नंतर दोन्ही शेजारी ठेवून जेथे भेद पडतो तेथे मूळ कागदाकडे जावे. यंत्राचे उत्तर आधी डोळ्यांसमोर आले की डोळे तेच वाचू लागतात. हा क्रम उलटला तर तपासणी ही केवळ संमती होऊन बसते.

संपादकाकडेही एक कर्तव्य उरते. कोणती हस्तलिखिते वापरली, ती कोणत्या स्थितीत होती, तुलना कोणत्या पद्धतीने केली, हे सुखठणकरांनी आदिपर्वाच्या 1933 च्या प्रस्तावनेत सविस्तर सांगितले. म्हणून त्यांच्या निर्णयांशी असहमत होणाऱ्यालाही त्यांच्या आवृत्तीचा आधार घेता येतो. यापुढील संपादकाने त्याच निष्ठेने कोणता भाग यंत्राने वाचला, तो कोणी आणि कितपत ताडून पाहिला, हे सांगावे. यंत्राचे साहाय्य घेण्यात कमीपणा नाही. ते लपवण्यात आहे. कारण पाठाखाली नाव यंत्राचे पडत नाही. ज्याचे पडते त्याला, एखाद्या अक्षराविषयी कोणी विचारले असता, पोथी उघडून ते अक्षर दाखवता आले पाहिजे. जे काम दुसऱ्यावर सोपवूनही हे करता येते ते सोपवण्याजोगे. जे सोपवल्यावर हे करता येत नाही ते, कितीही क्षुल्लक वाटले तरी, संपादकाचे स्वतःचेच आहे.