‘पावशेरा’चे मिलिलिटर : एका रूपांतराची चिकित्सा

जुन्या पाककृतींचे किंवा दप्तरांचे संपादन करताना ‘पावशेर’ या शब्दाखाली ‘२५० मिलिलिटर’ अशी टीप देण्याचा मोह सहज होतो. ही टीप कितपत ग्राह्य आहे, हे तपासणे अगत्याचे आहे.

इंग्रजी अमदानीत प्रमाण मानलेला शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. त्याचा पाव २३३ ग्रॅम. हे वजन होय, आकारमान नव्हे. तितक्या वजनाचे तेल सुमारे २५४ मिलिलिटर भरते, तर दूध २२६. म्हणजे टीप तेलास जवळजवळ लागू पडते, तीही योगायोगाने. दुधास पडत नाही. शिवाय मापी शेर वजनी शेराहून निराळा होता. द्रवाचा हा प्रश्न पूर्वसूरींना अपरिचित नव्हता. प्रस्थापासून पुढील माने द्रव व आर्द्र द्रव्यांसाठी दुप्पट धरावीत, असा शार्ङ्गधरसंहितेचा संकेत आहे.

प्रमादाचे मूळ भाषिक आहे. १९५६ साली दशमान मापांचा कायदा झाला. त्याच वर्षी काटोल मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आले. पुढे शेर व्यवहारातून गेला, पण काटोलकडील बोलीत ‘पावभर’ टिकला. मात्र तो आता किलोचा वा लिटरचा चौथा हिस्सा दर्शवितो. शब्द तोच, मूल्य निराळे. संपादक हा नवा अर्थ जुन्या संहितेवर लादतो.

म्हणून मूळ शब्द तसाच ठेवून पदार्थ, काल, स्थल आणि माप वजनी की मापी, एवढे आधी नोंदवावे. आकडा त्यानंतर द्यावा, आणि तोही ‘सुमारे’ म्हणूनच.