गाईचे गणित कुत्रीला कसे लागेल?

ऑगस्ट २०२० मध्ये बीड पोलिसांच्या श्वानपथकातील रॉकी हा कुत्रा मरण पावला. तीनशेहून अधिक गुन्ह्यांच्या तपासात त्याची मदत झाली होती. पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला. देशी जातींचे कुत्रे पाळा, असे आवाहनही त्याच भाषणात होते. असा गुणी प्राणी गेला की एक प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. वळूचे रेत आपण वर्षानुवर्षे गोठवून ठेवतो. मग अशा कुत्र्याचे का ठेवू नये?

प्रश्न चांगला आहे. वर्गात एखाद्या मुलाने तो विचारला तर शिक्षकाला आनंदच व्हावा. माझा आक्षेप आहे तो या प्रश्नाला सहसा मिळणाऱ्या उत्तरावर. "हो, विज्ञानाने आता तेही शक्य झाले आहे" एवढे सांगून आपण मोकळे होतो. लोकप्रिय लेखांत, प्रदर्शनांतील तक्त्यांवर आणि कुत्री विकणाऱ्यांच्या जाहिरातींत हेच उत्तर थोड्याफार फरकाने आढळते. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. त्यात तीन गोष्टी न तपासता धरून चाललेल्या असतात : गाईत जमले ते कुत्रीत तसेच जमेल, रेत जपले म्हणजे प्राणी जपला, आणि थंड केलेल्या रेतापेक्षा गोठवलेले रेत अधिक आधुनिक, म्हणून अधिक चांगले. या तिन्ही समजुती एकेक करून तपासू.

प्रथम थोडा इतिहास. गंमत अशी की, कृत्रिम रेतनाचा पहिला नीट नोंदवलेला प्रयोग गाईवर नव्हे, कुत्रीवरच झाला. इटलीतील लाझारो स्पालांझानी याने १७८० मध्ये कुत्र्याचे ताजे रेत पिचकारीने कुत्रीच्या गर्भाशयात सोडले आणि ६२ दिवसांनी तिला तीन पिल्ले झाली. रेत गोठवण्याची वाट मात्र १९४९ मध्ये मोकळी झाली. पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स हे ब्रिटिश शास्त्रज्ञ कोंबड्याचे रेत गोठवण्याचा प्रयत्न करीत होते. बाटल्यांच्या घोटाळ्यामुळे त्यांच्या हाती साखरेच्या द्रावणाऐवजी ग्लिसरॉल असलेले द्रावण आले आणि त्यातले शुक्रजंतू गोठूनही जिवंत राहिले. पाणी गोठताना पेशीत बर्फाचे स्फटिक होतात, क्षारांची तीव्रता वाढते आणि पेशीचे आवरण फाटते. ग्लिसरॉल ही हानी कमी करते. मग उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये रेत ठेवले की पेशीतील रासायनिक व्यवहार जवळजवळ थांबतो. वळूच्या बाबतीत ही पद्धत झपाट्याने पसरली. कुत्र्याच्या गोठवलेल्या रेतापासून गर्भधारणा झाल्याचे मात्र १९६९ मध्ये अमेरिकेत सीगर यांनी जाहीर केले. म्हणजे प्रारंभ कुत्रीपासून झाला, पण व्यवहारात गाय पुढे निघून गेली. हे का झाले, याचे उत्तर प्राण्यांच्या शरीरातच आहे.

साधा अंकगणिताचा प्रश्न घ्या. वळूच्या एका वेळच्या रेतात सुमारे ६०० कोटी शुक्रजंतू आहेत असे धरू. गाईसाठी एका कांडीत दोन कोटी पुरतात. म्हणजे एका वेळच्या रेतातून ३०० कांड्या. आता मध्यम आकाराच्या कुत्र्याच्या रेतात ६० कोटी शुक्रजंतू धरू. गोठवून वितळवल्यावर त्यांतले निम्मे चालते राहिले तर उरतात ३० कोटी. कुत्रीसाठी एका मात्रेत चालते शुक्रजंतूच दहा ते वीस कोटी लागतात. म्हणजे हाती आल्या दीड ते तीन मात्रा. तीनशे आणि तीन! एका वळूवर जिल्हाभराची सोय होते; एका कुत्र्याच्या एका वेळच्या रेतावर फार तर दोन-तीन कुत्र्यांची. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला स्थापन केलेल्या 'बाएफ' संस्थेने गोठ्यापर्यंत कृत्रिम रेतन नेले, ते या पहिल्या आकड्याच्या बळावर. दुसऱ्या आकड्यावर तशी व्यवस्था उभी राहणार नाही.

दुसरा फरक वेळेचा. गाय दर २१ दिवसांनी माजावर येते. माज साधारण बारा ते अठरा तास टिकतो आणि तो संपल्यावर दहा-बारा तासांनी अंडपेशी बाहेर पडते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवावी, हा नियम शेतकऱ्यालाही पाठ आहे. गाय उलटली तरी तीन आठवड्यांनी पुन्हा संधी मिळते. त्या तीन आठवड्यांचा चारा बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात किती महाग पडतो, हे वेगळे सांगायला नको; पण संधी मिळते. कुत्री सहसा सहा-सात महिन्यांतून एकदाच माजावर येते. शिवाय तिची अंडपेशी बाहेर पडते तेव्हा कच्ची असते. पक्व व्हायला तिला आणखी दोन-तीन दिवस लागतात आणि त्यानंतर ती दोन-तीन दिवसच फलनक्षम राहते.

निसर्गाने या अडचणीवर तोड काढली आहे. कुत्र्याचे ताजे शुक्रजंतू कुत्रीच्या शरीरात पाच-सहा दिवस, कधी त्याहूनही अधिक तग धरतात. ते लवकर पोहोचतात आणि वाट पाहतात. गोठवून वितळवलेले शुक्रजंतू मात्र बारा ते चोवीस तासच टिकतात. वाट पाहण्याची त्यांची ताकद गोठवण्यात खर्च झालेली असते. म्हणून ते नेमके अंडपेशी पक्व झाल्यावरच आत सोडावे लागतात. तो दिवस कुत्रीच्या वागण्यावरून कळत नाही. त्यासाठी एक-दोन दिवसांच्या अंतराने रक्त तपासून प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण पाहावे लागते. अंडपेशी सुटण्याच्या सुमारास ते मिलिलिटरला पाच नॅनोग्रॅमच्या आसपास असते. त्यानंतर दोन-तीन दिवस मोजायचे. पाटोदा किंवा शिरूर कासारच्या एखाद्या वस्तीवरील कुत्रीचे रक्त दोन दिवसाआड प्रयोगशाळेत न्यायचे आणि अहवाल त्याच दिवशी मिळवायचा, ही या तंत्राची खरी किंमत आहे. ती जाहिरातीत छापलेली नसते.

तिसरा फरक शरीररचनेचा. गाईच्या गुदमार्गातून हात घालून गर्भाशयमुख पकडता येते आणि नळी आत सरकवता येते. कुत्रीत हे शक्य नाही. योनिमार्ग लांब, गर्भाशयमुख अरुंद आणि आडवळणी. गोठवलेले रेत योनीतच सोडले तर यश बरेच घसरते. ते गर्भाशयात पोहोचवायला दुर्बीण आणि सरावलेला हात लागतो, नाहीतर पोट उघडून शस्त्रक्रिया करावी लागते. केवळ पिल्लांच्या हौसेपायी निरोगी कुत्रीचे पोट फाडणे युरोपातील काही देशांत गैर मानले जाते. ही हरकत मला रास्त वाटते.

आता दुसरी समजूत : रेत जपले म्हणजे प्राणी जपला. ही समजूत शिकवण्याच्या दृष्टीने अधिक घातक आहे, कारण ती आनुवंशिकतेचा धडाच उलटा करते. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रे असतात, शुक्रजंतूत ३९. कोणती ३९ जातील याची २ चा ३९ वा घात, म्हणजे सुमारे ५५ हजार कोटी वेगवेगळ्या प्रकारे निवड होऊ शकते. गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल यात धरलेलीच नाही. एका कांडीतले दोन शुक्रजंतू एकसारखे नसतात, आणि कुणातही अख्खा कुत्रा नसतो. उरलेला अर्धा वाटा कुत्रीचा. आणि पोलिसी कुत्र्याची कर्तबगारी म्हणजे केवळ नाक नव्हे. त्यामागे लहानपणापासूनचे प्रशिक्षण, रोजचा सराव आणि कुत्रा सांभाळणाऱ्या पोलिसाशी जमलेले नाते असते. यांतले काहीच द्रव नायट्रोजनमध्ये जात नाही. रॉकीचे रेत ठेवले असते तर त्याची पिल्ले झाली असती. दुसरा रॉकी तयार करायला मात्र पुन्हा तितकीच माणसांची मेहनत लागली असती.

याच समजुतीची पुढची पायरी म्हणजे 'एक नामांकित नर, सगळीकडे त्याचेच रेत'. याचा धडा गाईंनी आपल्याला शिकवलेला आहे. १९५२ मध्ये जन्मलेला ऑस्बॉर्नडेल आयव्हॅनहो हा अमेरिकन होल्स्टीन वळू फार नावाजलेला होता. त्याच्यात एक सदोष जनुक दडलेले होते. त्याच्या आणि त्याच्या वंशजांच्या रेतातून ते जगभर पसरले. दोन्हीकडून हे जनुक मिळालेली वासरे संसर्गाशी लढू न शकल्याने लहानपणीच दगावत. नेमका दोष कोणता, हे १९९२ मध्ये उलगडले. होल्स्टीनची संख्या प्रचंड असूनही हे घडले.

आपल्या मराठवाड्यातील कारवानी कुत्र्याचा विचार करा. लांब पायांचा, निमुळत्या तोंडाचा हा धावणारा कुत्रा. लातूर जिल्ह्यातील जानवळ गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. अशा मर्यादित संख्येच्या जातीत एकाच शर्यत जिंकणाऱ्या नराचे रेत गावोगाव गेले, तर चार-पाच पिढ्यांत सगळी कुत्री एकमेकांची भावंडे होतील आणि दडलेले दोष वर येतील. जात 'सुधारली' म्हणून आपण टाळ्या वाजवू, तेव्हा ती आतून पोकळ होत असेल.

तिसरी समजूत : गोठवलेले ते अधिक चांगले. येथे थंड रेताची बाजू मांडायला हवी, कारण त्याच्याविषयी फारसे कुणी बोलत नाही. अंड्यातील पिवळा बलक आणि क्षार यांच्या द्रावणात मिसळून रेत हळूहळू चार-पाच अंशांपर्यंत थंड केले, तर कुत्र्याचे शुक्रजंतू दोन दिवस, चांगल्या नराचे त्याहूनही अधिक काळ, कामाचे राहतात. द्रव नायट्रोजन लागत नाही. चांगला थर्मास आणि बर्फाच्या पिशव्या पुरतात. मात्र रेताची नळी थेट बर्फाला टेकवायची नाही, आणि बीडच्या मे महिन्यातल्या उन्हात डबा मोटारीत विसरायचा नाही. हे शुक्रजंतू कुत्रीच्या शरीरात गोठवलेल्यांपेक्षा अधिक काळ टिकतात, त्यामुळे दिवस थोडा चुकला तरी निभावते आणि योनीत सोडूनही यश मिळू शकते. पुण्याहून किंवा मुंबईहून रात्रीच्या गाडीने सकाळी बीडला पोहोचणाऱ्या डब्यासाठी हे तंत्र पुरेसे आहे.

म्हणून माझा निवाडा असा. नर शेजारच्या तालुक्यात असेल आणि दोन्ही जनावरे निरोगी असतील, तर नैसर्गिक मीलनाला तोड नाही. नर एका दिवसाच्या अंतरावर असेल तर थंड रेत. नर मेलेला असेल, परदेशी असेल किंवा त्याचा वंश पुढच्या काळासाठी राखायचा असेल, तरच गोठवलेले रेत. आणि तिन्ही बाबतींत आधी ब्रुसेलाची तपासणी. कुत्र्यांत गर्भपात घडवणारा हा जंतू रेतातूनही जातो आणि माणसालाही बाधतो. गोठवल्याने रेत निर्जंतुक होत नाही, हे ठासून सांगायला हवे. ज्या थंडीत शुक्रजंतू जगतात, त्या थंडीत रोगजंतूही जगू शकतात.

मग गोठवण्याचा खरा उपयोग कोठे? माझ्या मते नामवंतांच्या नव्हे, तर अनामिकांच्या बाबतीत. एकमेकांशी नाते नसलेल्या वीस-पंचवीस कारवानी नरांचे थोडे थोडे रेत, प्रत्येकाच्या वंशाच्या, आरोग्याच्या आणि गावाच्या नोंदीसह जपले, तर पन्नास वर्षांनीही त्या जातीतील विविधता परत मिळवता येईल. राजपालयम, चिप्पीपराई आणि मुधोळ हाउंड या जातींची नोंद कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने केली आहे. नोंद ही पहिली पायरी. नरांची वंशावळ लिहून ठेवणे ही दुसरी. तिला द्रव नायट्रोजन लागत नाही, वही लागते. हाच न्याय लाल कंधारी गाईला लागू होतो. तिच्या पैदाशीच्या प्रदेशात बीड जिल्हाही मोडतो. विदेशी रेताची कांडी दारात सहज मिळू लागली की कमी चाऱ्यावर तगणारी ही गाय संकरात विरघळायला वेळ लागत नाही.

वर्गात यातले बरेच काही साध्या साधनांनी करता येईल. टोमॅटोची एक फोड बर्फ तयार करण्याच्या कप्प्यात रात्रभर ठेवून सकाळी बाहेर काढा. ती लिबलिबीत का झाली, हे मुलांना विचारा. एका वाटीत पाणी आणि दुसरीत पाणी व ग्लिसरीन निम्मे निम्मे घेऊन दोन्ही त्याच कप्प्यात ठेवा. दुसऱ्या वाटीत काय वेगळे घडले, त्यावरून १९४९ चा शोध समजेल. ज्यांच्या घरी गाय आहे त्यांनी ती किती वेळा भरवली, किती वेळा उलटली आणि कांडी कोणत्या जातीची होती, हे विचारून यावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर किती घरांत मिळते, ते फळ्यावर लिहावे. कोणाचे रेत वापरतो हे ज्या गावाला ठाऊक नाही, त्या गावाने ते गोठवायला शिकण्याआधी लिहून ठेवायला शिकणे बरे.