मेनूकार्डावरचा गांजा

ॲमस्टरडॅमच्या कॉफीशॉपमध्ये गांजा मेनूकार्डावरून विकला जातो. नाव, कूळ, परिणाम. 'व्हाइट विडो'समोर लिहिलेलं असतं की ही ब्राझीलची सटिव्हा आणि दक्षिण भारतातली इंडिका यांचा संकर, आधी तरतरी, मग अंग सैल. माणशी ५ ग्रॅमपर्यंत विकायला तिथे मुभा आहे, त्यामुळे वाचन आणि प्रात्यक्षिक एकाच टेबलावर होतं. मी दोन संध्याकाळी ते केलं. पण बोलायचंय त्या मजकुराबद्दल. स्ट्रेनचं वर्णन हा आता एक वाङ्मयप्रकार झालाय, आणि वाईट वाङ्मयप्रकार झालाय.

कुळाचंच बघा. लामार्कने १७८५ साली 'इंडिका' हे नाव दिलं ते भारतातून आलेल्या नमुन्यांवरून. आज दुकानात 'इंडिका' म्हणजे हिंदुकुशकडची बुटकी, रुंद पानांची झाडं. केरळातली उंच, बारीक पानांची झाडं या हिशेबात 'सटिव्हा' ठरतात. मग व्हाइट विडोची ती 'दक्षिण भारतीय इंडिका' नक्की कोण? २०२१मध्ये 'नेचर प्लांट्स'मध्ये आलेल्या अभ्यासात ही लेबलं आणि झाडांची एकूण जनुकीय ठेवण यांचा मेळ जेमतेमच बसला. फरक दिसला तो वासाच्या मोजक्या द्रव्यांत. इंडिका लेबलवाल्या मालात मिरसीन जास्त, वगैरे. कूळ म्हणून जे छापलंय तो बराचसा वासच आहे.

परिणामांच्या रकान्यात तर विशेषणांचा नुसता पाऊस. व्हाइट विडोने मला भूक लागली आणि शेजारच्या टेबलावरचं डच बोलणं कोकणीसारखं ऐकू यायला लागलं. दुसऱ्या दिवशीच्या 'हेझ'पुढे 'सर्जनशील' असं लिहिलं होतं. मी बराच वेळ साखरेच्या पुडीचा विचार केला. आपल्याकडे 'तार लागली', 'किक बसली' म्हणतात. हे शब्द माणसाच्या अवस्थेबद्दल बोलतात, मालाची तारीफ करत नाहीत. किती ओढलं, सवय किती, पोटात काय होतं, सोबत कोण होतं, यावर जे ठरतं त्याचं सगळं श्रेय मेनूकार्ड मालाला देतं.

आणि उगम सांगताना माणूसच गाळतं. एकोणिसाव्या शतकात बंगालमधल्या नौगावच्या शेतांत 'पोद्दार' नावाचा जाणकार मजुरीवर यायचा. इंग्रज त्याला गांजा डॉक्टर म्हणत. तो ओळीओळीने फिरून नर झाडं उपटायचा, म्हणजे मादी फुलांत बी धरायचं नाही. हेमचंद्र केर यांच्या १८७७च्या अहवालात हे सगळं आहे. शंभर वर्षांनी कॅलिफोर्नियात हाच बिनबियांचा माल 'सिन्सेमिया' या स्पॅनिश नावाने मिरवला. पोद्दाराचा उल्लेख कुठल्याच कार्डावर नाही.

१८९३-९४च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने हजारावर साक्षीदार तपासले. त्याचे सात खंड अत्यंत रुक्ष आहेत (मी सगळे वाचलेत असा दावा नाही), पण कोण पिकवतं, कोण ओढतं, केवढ्याला आणि कशासाठी, हे ते विचारतात. आपल्या नगर जिल्ह्यातली गांजाची शेतीही त्यात आहे. गांजावरची समीक्षा म्हणून मी त्या सरकारी बाडाला आजच्या कुठल्याही स्ट्रेन-परीक्षणाच्या वर ठेवीन.

कारण चरसच्या पानावर 'मलाणा क्रीम'ही असते. तळहातांवर फुलं चोळून ती काढणारी माणसं हिमाचलात राहतात आणि १९८५च्या एनडीपीएस कायद्याखाली, व्यापारी प्रमाणात माल सापडला तर, त्यांना वीस वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. कार्डावर मलाणा ही फक्त एक चव आहे, ग्रॅमच्या भावाने.