डब्ल्यूएफए दिसेना, म्हणून जाळे नाही? : एका रंजनपद्धतीची चिकित्सा

प्रौढ मेंदूतील काही चेतापेशींभोवती पेशीबाह्य मॅट्रिक्सचे दाट आवरण असते. त्याला पेरिन्यूरोनल जाळे म्हणतात. हायल्युरोनन, अ‍ॅग्रेकनसारखे प्रोटिओग्लायकन, जोड-प्रथिने आणि टेनासिन-आर हे त्याचे मुख्य घटक आहेत.

हे जाळे दाखवण्यासाठी बहुतेक वेळा डब्ल्यूएफए वापरतात. ते प्रतिपिंड नसून विस्टेरिया वेलीच्या बियांतील लेक्टिन आहे. ते प्रथिनाला नव्हे, तर प्रथिनावरील साखळीतल्या एन-अ‍ॅसिटिलगॅलॅक्टोसअमाइन या शर्करेला चिकटते. त्याची उपयुक्तता नाकारता येत नाही. संकेत ठळक मिळतो, अनेक प्राणिजातींत चालतो आणि प्रतिपिंडांबरोबर सहज वापरता येतो. आक्षेप आहे तो निष्कर्षावर. ‘डब्ल्यूएफए-धन पेशी घटल्या’ एवढ्या निरीक्षणावरून ‘जाळी नष्ट झाली’ असे म्हणता येत नाही. अ‍ॅग्रेकन जागेवर असून केवळ त्यावरील शर्करा बदलली, तरी संकेत कमी होतो.

२००२ मधील पिझोरुसो आणि सहकाऱ्यांचा प्रसिद्ध प्रयोग पाहा. प्रौढ उंदरांच्या (रॅट) दृष्टी-प्रमस्तिष्कात कॉन्ड्रॉइटिनेज एबीसी दिल्यावर एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे झुकण्याची लवचीकता परतली. हे विकर साखळ्या तोडते. प्रथिनाचा गाभा तोडत नाही. उरलेले खुंट २बी६ हे प्रतिपिंड ओळखते. म्हणून ‘जाळे काढून टाकले’ यापेक्षा ‘साखळ्या छाटल्या’ हे वर्णन अधिक अचूक ठरते.

मग केवळ प्रतिपिंड वापरले की प्रश्न सुटतो का? नाही. कॅट-३०१, कॅट-३१५ आणि कॅट-३१६ ही तिन्ही प्रतिपिंडे अ‍ॅग्रेकनशीच निगडित आहेत. पण त्याची शर्करायुक्त रूपे वेगवेगळी असल्याने प्रत्येकाने रंगणाऱ्या पेशीही सारख्या नसतात. गाभ्याविरुद्धच्या प्रतिपिंडालाही मर्यादा आहेत. दाट साखळ्यांमुळे त्याची बंधनजागा झाकली जाऊ शकते. प्रथिनाचे तुकडे झाले, तरी एखाद्या तुकड्यावर ते चिकटून राहू शकते.

म्हणून अशा विषयावरील शोधनिबंध वाचताना तीन गोष्टी तपासाव्यात. रेणूचा नेमका कोणता भाग ओळखला गेला? शर्करा आणि गाभा या दोहोंचे रंजन एकाच छेदात केले आहे का? अ‍ॅग्रेकन जनुक काढलेल्या ऊतीत प्रतिपिंडाचा संकेत नाहीसा होतो, हे दाखवले आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर निबंधात सापडत नसेल, तर पेशींची मोजणी कितीही काटेकोर असली, तरी नेमके काय मोजले हे कळत नाही.