वहीत लिहिलेलं आणि वहीला आठवणारं

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी विचारलं की तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस कोड एडिटरवर काय बोलणार? विचारणं रास्त आहे. पण लिहिलेला शब्द आणि प्रत्यक्षात चाललेली क्रिया यांचं नातं काय, हा प्रश्न आमच्याकडे फार जुना आहे, आणि आज तो सगळ्यात उघडपणे कुठे दिसत असेल तर ज्युपिटर नोटबुकमध्ये. तेव्हा चप्पल बाहेर काढून आत यायला हरकत नसावी.

ज्यांनी हे नोटबुक वापरलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्राउझरमध्ये एक वही उघडते. तिच्यात चौकटी असतात, त्यांना सेल म्हणतात. काही सेलमध्ये मजकूर, काहींत पायथनचा कोड. शिफ्ट धरून एंटर दाबलं की तो कोड मागे चालू असलेल्या ‘कर्नल’कडे जातो आणि उत्तर, आलेख, तक्ता, जे असेल ते सेलच्या खाली उमटतं. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये आयपायथन सुरू केलं, २०११ च्या शेवटी त्याला ही वही जोडली गेली, आणि २०१४ पासून ‘ज्युपिटर’ हे नाव आलं. ज्युलिया, पायथन आणि आर या तीन भाषांची अक्षरं त्यात आहेतच, पण गॅलिलिओने १६१० मध्ये गुरूच्या उपग्रहांची जी टिपणं ठेवली, त्यांनाही तो नमस्कार आहे. ही गॅलिलिओची गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे परत येतो.

आता मुद्दा. या वहीतच एक छोटासा कोड एडिटर बांधायचा, ही कल्पना अनेकांना सुचते. कारण साधं आहे. काम वाढलं की सगळा कोड सेलमध्ये मावत नाही. काही फंक्शनं वेगळ्या फाइलीत काढावी लागतात. मग फाइल उघडायला दुसरीकडे जा, बदला, परत या. त्यापेक्षा इथेच एक मजकुराची चौकट, फाइलच्या नावाची एक ओळ आणि ‘जतन करा’ असं बटण ठेवलं तर? आयपीवायविजेट्स नावाच्या साधनाने हे वीस-पंचवीस ओळींत होतं. त्याहून सोपं म्हणजे सेलच्या पहिल्या ओळीत ‘राइटफाइल’ ही सूचना आणि फाइलचं नाव लिहा. खालचा सगळा मजकूर तसाच्या तसा त्या फाइलीत जाऊन बसतो. हासुद्धा एडिटरच आहे, फक्त त्याला बटण नाही.

बांधणीच्या अडचणी मी विस्ताराने सांगणार नाही, पण दोन सांगण्याजोग्या आहेत. जुन्या ज्युपिटरमध्ये एकेका अक्षराला आज्ञा जोडलेली होती. तुम्ही हाताने एचटीएमएलची चौकट घालून तिच्यात ‘एक्स’ टंकलात, तर वही समजायची की सेल कापायचा आहे, आणि सेल गायब! म्हणून चौकटीत शिरताना वहीचे कान बंद करावे लागत. दुसरी अडचण आपल्या घरची आहे. पायथन ३ मध्ये चलाला देवनागरी नाव देता येतं. ‘क्षेत्रफळ’ हे नाव चालतं. आपण म्हणतो त्यात चार अक्षरं आहेत. पायथनला लांबी विचारा, तो नऊ म्हणतो, कारण क, हलन्त, ष, मात्रा सगळं तो वेगळं मोजतो. काही हलके एडिटर असं गृहीत धरतात की प्रत्येक खूण सारख्याच रुंदीची. मग ते स्तंभाचा आकडा गुणिले रुंदी करून कर्सर कुठे ठेवायचा ते ठरवतात. इंग्रजीत हे जमतं. ‘क्षेत्रफळ’ लिहिलं की कर्सर शब्दाच्या पलीकडे जाऊन लुकलुकत बसतो. म्हणून माझं मत, साधी टेक्स्टएरिया वापरा. रंगीत अक्षरं मिळणार नाहीत, पण लिपी, कळफलक, वाचून दाखवणारी साधनं हे सगळं ब्राउझरच सांभाळतो. हलकेपणा म्हणजे कमी ओळी नव्हे. जे दुसरा कोणी आधीच नीट करतो आहे ते पुन्हा करायला न बसणं, हा हलकेपणा.

पण खरी गंमत, आणि खरा धोका, पुढे आहे.

समजा तुम्ही या छोट्या एडिटरात ‘हिशेब’ नावाची फाइल लिहिलीत. वहीत ती इम्पोर्ट केलीत. उत्तर आलं. मग फाइलीतलं एक सूत्र दुरुस्त करून जतन केलंत आणि सेल पुन्हा चालवलात. उत्तर तेच. पुन्हा इम्पोर्टची ओळ चालवलीत. तरी तेच! कारण पायथन एकदा आणलेलं मॉड्यूल स्मरणात ठेवतो. दुसऱ्यांदा मागितलं तर फाइल न उघडता तेच हातात देतो. डोळ्यांसमोर नवं सूत्र आहे, चालतंय जुनं. मुद्दाम रिलोड करावं लागतं. आणि रिलोड केल्यावरसुद्धा काय होतं पाहा. आधी ‘खातं’ नावाच्या क्लासपासून तुम्ही एक वस्तू बनवली होती. रिलोडनंतर विचारा, ही वस्तू त्या मॉड्यूलमधल्या ‘खातं’ या क्लासची आहे का? उत्तर येतं, नाही. नाव तेच, फाइल तीच, कदाचित एक अक्षरही बदललेलं नाही. पण क्लास नवा जन्मला आणि जुनी वस्तू जुन्याच कुळाची राहिली. ‘ऑटोरिलोड’ नावाची सोय यातलं बरंचसं आपोआप सांभाळते, पण तिच्या माहितीपत्रातच तिच्या मर्यादा लिहून ठेवलेल्या आहेत.

न्यायदर्शनात ज्ञानाचे दोन भाग करतात, अनुभव आणि स्मृती. प्रमा, म्हणजे यथार्थ ज्ञान, हे फक्त अनुभवाच्या खात्यात. स्मृती खरी असली तरी तिला प्रमा म्हणत नाहीत, कारण ती पूर्वीच्या अनुभवाच्या संस्कारातून येते, वस्तूकडून थेट येत नाही. माझे काही विद्यार्थी याला निव्वळ शब्दच्छल म्हणायचे. त्यांनी एक संध्याकाळ नोटबुकसमोर काढावी. कर्नल ही शुद्ध स्मृती आहे. तुम्ही सेल खोडलात तरी त्यात जन्मलेलं चल कर्नलला आठवतं. वरचा सेल खालच्याच्या नंतर चालवलात तर तोच क्रम त्याला आठवतो. पानावर जे दिसतं ते एक, आणि ज्याच्या आधारे उत्तर आलं ते दुसरं.

डोनाल्ड नूथ यांनी १९८४ मध्ये ‘लिटरेट प्रोग्रॅमिंग’ मांडलं, तेव्हाही वाचकाचा क्रम आणि यंत्राचा क्रम वेगळा केला होता. पुष्कळदा सांगतात की नोटबुक हा त्याचाच वारसा. मला हे पूर्ण पटत नाही. नूथच्या पद्धतीत दोन क्रमांना जोडणारा ‘टँगल’ नावाचा प्रोग्रॅम होता. तो कितीही वेळा चालवा, तोच निकाल देणार. नोटबुकमध्ये ते जोडण्याचं काम तुमचं बोट करतं, आणि बोटाची नोंद म्हणून सेलशेजारी फक्त एक क्रमांक राहतो.

याचा परिणाम काय? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गिटहबवरची सुमारे १४ लाख नोटबुकं गोळा केली होती. त्यांतली जी चालवून पाहता आली, त्यांपैकी सुमारे २४ टक्केच चूक न येता पूर्ण चालली, आणि आधीचेच निकाल आले ते सुमारे ४ टक्क्यांत. यात लायब्ररी न सापडणं वगैरे कारणंही आहेत, सगळं खापर स्मृतीवर फोडणं अन्यायाचं होईल. तरी चार टक्के! आता गॅलिलिओ आठवा. ७ जानेवारी १६१० ला त्याला गुरूपाशी तीन तारे दिसले, १३ तारखेला चौथा. त्याने पहिल्या रात्रीचं पान खोडून तीनाचे चार केले नाहीत. तारखेसह क्रम राहिला, म्हणूनच ते उपग्रह असल्याचा युक्तिवाद उभा राहिला. त्याचं नाव घेणाऱ्या वहीने नेमका क्रमच ढिला सोडावा, हे मला खटकतं.

यावर उपाय शोधणारे आहेत. ऑब्झर्व्हेबलमध्ये सेलचा क्रम पानावरून ठरत नाही. कोणतं चल कोणावर अवलंबून आहे त्यावरून ठरतो. मारिमो पायथनसाठी तेच करतं, सेल खोडला की त्याची चलंही स्मृतीतून काढतं, आणि वही साध्या पायथन फाइलीच्या रूपात ठेवतं. मला ही दिशा पसंत आहे. पण उद्या सकाळी ज्याला ज्युपिटरमध्येच काम करायचंय, त्याने काय करावं?

त्याने आपला छोटा एडिटर जरूर बांधावा. फक्त रंग, आपोआप पूर्ण होणारे शब्द, घडी घालता येणाऱ्या ओळी यांच्या मागे लागू नये. ते करायला जगात कोडमिरर आहे, ज्युपिटर स्वतःही तोच वापरतं. तुमच्या एडिटरने एकच काम जास्तीचं करावं. फाइल शेवटची कधी जतन झाली आणि कर्नलने ती शेवटची कधी वाचली, या दोन वेळा बटणाशेजारी दाखवाव्यात. पहिली वेळ दुसरीच्या नंतरची असेल तर चौकटीला लाल कड यावी. बटणावर नुसतं ‘जतन करा’ न लिहिता दोन बटणं असावीत, ‘जतन’ आणि ‘जतन करून कर्नल नव्याने सुरू’. दुसऱ्या बटणाने आधीची सगळी चलं जातात आणि वही वरून खाली पुन्हा चालवावी लागते, वेळ जातो, मोठी आकडेवारी असेल तर पुष्कळच जातो. जाऊ द्यावा. प्रबंधाचा आलेख परीक्षकाकडे पाठवण्याआधी तरी हेच बटण दाबलेलं असावं.

आता कोणी विचारेल, की असं असेल तर सरळ फाइलीतच का लिहू नये, वही हवी कशाला? हवी. कारण विचार करताना माणूस वरून खाली जात नाही, मागेपुढे करतो, आणि त्याला तसं करू देणारं साधन याआधी इतक्या लोकांच्या हाती नव्हतं. वहीत चाचपडावं, जे ठरलं ते फाइलीत न्यावं. छोटा एडिटर या दोहोंमधला उंबरठा आहे, आणि उंबरठा ओलांडताना पाय उचलावा लागतो हे दिसलं पाहिजे, इतकंच माझं म्हणणं. प्रश्न असतील तर घेऊ या.