लक्ष्मीबाईंची वेगळी चूल

दिवाळीच्या सुमारास आमच्या खर्डीकडे हळवे भात कापून खळ्यावर आलेले असते आणि गरव्याची कापणी चालू असते. घरात फराळाचे डबे भरलेले आणि मुले सुटीवर आलेली. अशा वेळी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ काढून मोठ्याने वाचावयाची, हा आमच्या घरचा जुना पाठ आहे. सगळे पोट धरधरून हसतात. यंदा मात्र पुतण्याने मध्येच विचारले, “काका, पुस्तक ख्रिस्ती बाईचे ना? मग यात त्यांचा धर्म कुठे आहे?”

प्रश्न पोरवयाचा खरा, पण आपल्या टीकाकारांनी तो फारसा विचारलेला नाही. ‘स्मृतिचित्रे’ म्हटले की विनोद, साधी भाषा आणि विक्षिप्त नवरा, एवढे सांगून आपण मोकळे होतो.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना ना. वा. टिळकांना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने ‘नवा करार’ वाचावयास दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. (नागपूरकडचा माणूस ज्या लोहमार्गाने मुंबईस येतो तो आमच्या स्टेशनावरूनच जातो, थळ घाट उतरणारी गाडी दिसली की मला हे उगीच आठवते.) टिळकांचे धर्मांतर असे पुस्तकातून, विचारातून झाले. लक्ष्मीबाईंचे तसे झाले नाही. त्यांचे वडील इतके सोवळे की मीठसुद्धा धुऊन घेत. त्या घरात वाढलेली बाई, नवरा ख्रिस्ती झाल्यावर आधी दूर राहते. पुढे अहमदनगरास त्याच्यापाशी येते, पण स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवते. एका घरात दोन धर्म आणि मध्ये एक चूल.

माझ्या मते पुस्तकाचा गाभा या चुलीपाशी आहे. जात देवाने केली की माणसाने, असा प्रश्न लक्ष्मीबाई स्वतःलाच विचारतात आणि उत्तर मिळाल्यावर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय करतात. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० चा. म्हणजे आधी हात बदलला, मग नाव. हा सारा पालट त्यांनी थोडक्यात सांगितला आहे. काही वाचकांना तो भाग त्रोटक वाटतो. येथे अंतरीची तळमळ अधिक यावयास हवी होती, असे ते म्हणतात. मला तसे वाटत नाही. ज्या बाईने सोवळ्यापायी स्वतःची किती दमछाक होते हे पानोपानी दाखविले, तिने ते सोडताना व्याख्यान दिले असते तर ते खोटे वाटले असते.

बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे. विधवांच्या दुःखाची कळकळ त्यात आहे, पण पात्रे बोलू लागली की उपदेशक बोलतो. लक्ष्मीबाई सोडलेल्या धर्माला नावे ठेवीत नाहीत आणि घेतलेल्याची जाहिरातही करीत नाहीत. प्लेगच्या दिवसांत त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली. नगरच्या त्यांच्या घरात बालकवी ठोंबरे हिंदूच राहून मुलासारखे वावरले. धर्म कुठे, या प्रश्नाला ही माणसेच उत्तर आहेत.

आणि मंडळी? तिकडेही लक्ष्मीबाईंची नजर तीच राहते. टिळकांना वाटे की ख्रिस्त या देशात परक्या वेषात वावरतो आहे. म्हणून त्यांनी उपासनेत अभंग आणि कीर्तन आणले. १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. कल्पना मोठी, ९ मे १९१९ रोजी टिळक वारले आणि ती अपुरीच राहिली. पण पगार सोडणाऱ्याच्या घरात पिठाचा डबा कोण पाहतो? टिळकांच्या त्यागाचे कौतुक करताना आपण हे विसरतो; लक्ष्मीबाई विसरू देत नाहीत. त्या रागावतात, भांडतात, आणि तरी त्या माणसाची श्रद्धा खरी होती याबद्दल वाचकाच्या मनात तिळभर संशय राहू देत नाहीत. मला वाटते, नवऱ्याचे दोष लपवले असते तर ही खात्री पटली नसती. त्यांनी सुरू केलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीच पुरे केले. ते १९३८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले.

दोष सांगावयाचा तर पुढच्या भागांत प्रसंगांची दाटी होते, माणसे येतात नि जातात, आणि पहिल्या भागाची वीण सैल पडते. १९३६ च्या फेब्रुवारीत लक्ष्मीबाई गेल्या. शेवटचा मजकूर मुलाने, देवदत्तांनी पुरा केला. त्यांचे लिहिणे नेटके आहे, पण आईचा आवाज थांबला हे कानाला लगेच कळते. विजया मेहतांनी केलेल्या चित्रपटात सुहास जोशींनी लक्ष्मीबाई उभ्या केल्या. तो पाहिलेल्यांनीही पुस्तक वाचावे, कारण हा आवाज कागदावरच आहे.

पुतण्याला मी सारे भाग पहिल्यापासून पुन्हा वाचावयास दिले आहेत. तो अजून जलालपुरातच आहे, मीठ धुण्यापाशी.